काटा ऐंशीवर

"दार लाव! आधी दार लाव, आर्डिस! आत्या गारठेल!"

मागच्या सीटवरून तिचा भाऊ व्हर्लिन कोकलला, पण आर्डिसने दार लावलं नाही. रेल्वेचे रूळ आडवे आले की गाडी पूर्ण थांबवायची, दार उघडायचं, कान देऊन ऐकायचं आणि मगच पुढे जायचं. तीस-पस्तीस वर्षं तिने पार उत्तरेकडच्या बेमिजी गावच्या शाळेची पिवळी बस चालवली होती आणि प्रत्येक फाटकाशी हेच केलं होतं. आता बस गेली होती, पोरं गेली होती, गुडघेही गेल्यात जमा होते. सवय मात्र ठणठणीत होती. हे रूळ तर इतके गंजले होते की त्यांच्यामधून बाभळीएवढी झुडपं उगवली होती. तरी बाईंनी दार उघडलं, मान तिरकी केली आणि दक्षिण डकोटाचा सगळा वारा आत येऊ दिला.

"गाडीबिडी काही येत नाहीये!" व्हर्लिन म्हणाला.

"तुला कुठून दिसलं? तुला तर माझं नाकसुद्धा दिसत नाही."

"नाक दिसतं. तेवढंच दिसायचं थांबत नाही, हे माझं नशीब."

आर्डिसने दार आपटलं. गाडी रूळ ओलांडून पलीकडे गेली.

"काटा किती?" व्हर्लिनने विचारलं.

आरशाला लटकवलेल्या गोल फॅरनहाइट तापमापकाकडे तिने पाहिलं. "चौऱ्याहत्तर."

"बघ! सहाने उतरला!"

"अरे, मी साठ अंशांवर जगणारी बाई आहे. माझा कोण विचार करतं?"

बाहेर जानेवारी होता. बेमिजीहून निघाले तेव्हा थंडी अशी होती की शेजारच्या म्हाताऱ्याने निरोपाला हलवलेला हात त्याला घरात जाऊन शेगडीपाशी खाली घ्यावा लागला. आणि गाडीच्या आत भाजणी भाजावी असा उकाडा! आर्डिसने कोट काढला होता, स्वेटर काढला होता. आता उरलेल्या कपड्यांना हात लावणं तिच्या वयाला आणि तिच्या चर्चला शोभलं नसतं, म्हणून ती घाम पुसत चालवत होती. वाटेसाठी केलेली अंड्याची सँडविचेस पहिल्याच दिवशी दुपारी नासली होती. त्या वासाचं खापर तिने सापांवर फोडलं होतं आणि व्हर्लिनने सँडविचांवर.

आत्या म्हणजे एक साप. दंडाएवढी जाड, पाच हात लांब, तपकिरी रंगाची, पाठीवर बदामी चट्टे असलेली बोआ जातीची मादी. विषारी नाही. आवळणारी. तिचं नाव बर्गिट, कारण या भावंडांची खरी बर्गिट आत्या भेटली की अशीच आवळत असे. एका नाताळात तिने नव्या पाद्रीबुवांना प्रेमाने कवेत घेतलं, तेव्हा त्यांच्या कोटाचं जे बटण उडालं ते ईस्टरला ऑर्गनच्या नळीत सापडलं. खरी आत्या वारली त्याच वर्षी व्हर्लिनने हे वीतभर पिल्लू आणलं. त्याला आता तीस वर्षं होत आली होती. मधल्या काळात व्हर्लिनची बायको सोडून गेली, मुलगी सिग्ने न्यू मेक्सिकोत नांदायला गेली. बर्गिट कुठे गेली नाही. जायला तिला पायच नव्हते, असं आर्डिस म्हणे.

तिच्याखेरीज मीठ आणि मिरी हे दोन बारके, मक्याच्या दाण्यांसारखे ठिपके असलेले साप होते. ते बिचारे कुणाच्या अध्यात ना मध्यात.

व्हर्लिनच्या दृष्टीचा मधला भाग पुसला गेला होता. कडेकडेचं तेवढं दिसे. शरद ऋतूत त्याने कॉफीऐवजी चुलीची राख गाळली आणि पिऊनही टाकली, तेव्हा सिग्नेने फोनवर रडून गोंधळ घातला. तळ्याकाठचं घर विकायचं ठरलं. व्हर्लिनची अट एकच होती. "बर्गिट जिवंत पोचणार असेल तर मी येतो. नाहीतर मला इथंच गोठू द्या." बेमिजीत ती गोष्ट वीस मिनिटांत उरकते, म्हणून कुणी वाद घातला नाही. विमानवाले साप घेईनात. भर हिवाळ्यात पार्सलने पाठवायला व्हर्लिन तयार होईना. राहता राहिली बहीण, जिच्याकडे व्हॅन होती आणि नाही म्हणण्याची कला नव्हती.

आणि मग नियम सुरू झाले. निघायच्या आधी दोन आठवडे सापाला खायला द्यायचं नाही, कारण भरल्या पोटी हेलकावे बसले की ओकतो, आणि म्हाताऱ्या सापाला ओकणं जिवावर बेतू शकतं. प्रत्येकाला उशीच्या अभ्र्यात घालून तोंडाला गाठ मारायची. ते अभ्रे बर्फाचा डबा असतो तसल्या जाड भिंतींच्या डब्यात ठेवायचे, कडेला भोकं पाडायची. झाकण सारखं उघडून बघायचं नाही. रात्री गाडीत ठेवायचं नाही. आणि काटा ऐंशीवर.

"अभ्रे फुलाफुलांचेच का?" आर्डिसने निघताना विचारलं होतं.

"सगळे सापवाले रंगीतच वापरतात. मोटेलातले पांढरे असतात. चुकून अदलाबदल झाली म्हणजे?"

"अदलाबदल! उशी समजून सापावर डोकं ठेवायला मी काय तुझ्यासारखी आंधळी आहे?"

नेब्रास्का ओलांडेपर्यंत दोघं भांडून भांडून दमली. एका पेट्रोल पंपावर आर्डिस शौचालयात गेली, तर व्हर्लिनने हॉर्न वाजवून वाजवून अर्धा गाव गोळा केला, कारण इंजिन बंद होतं आणि काटा सत्तरवर आला होता.

"एवढं काय आहे रे तिच्यात?" परत आल्यावर आर्डिस कडाडली. "हाक मारली तर येत नाही, शेपटी हलवत नाही, तुला ओळखतसुद्धा नाही!"

"ती मला ओळखत नसेल," व्हर्लिन म्हणाला. "पण मी तिला ओळखतो. सिग्नेचा फोटो समोर धरला तर आता मला कान दिसतात आणि भिंत दिसते. तुझंही तेच. बर्गिट हातात घेतली की अख्खी असते. पहिली होती तशी."

आर्डिसने रेडिओ लावला. त्यावर मक्याचे भाव सांगत होते. दोघांनी ते फार मन लावून ऐकले.

दुसरा मुक्काम कॅन्ससमधल्या एका मोटेलात पडला. तिथला वारा असा की दुकानाच्या पाटीवरचं एखादं अक्षर सकाळी शेजारच्या गावच्या पाटीवर जाऊन बसलेलं असतं. काउंटरवर 'प्राणी आणू नयेत' असं लिहिलेलं होतं. मालकाचं नाव लेरॉय. पोटाने आणि आवाजाने मोठा माणूस.

"डब्यात काय?" त्याने विचारलं.

"मासे," आर्डिस म्हणाली. आयुष्यात ती तिसऱ्यांदा खोटं बोलत होती, आणि आधीची दोन्ही व्हर्लिनपायीच होती.

सकाळी उठून तिने बेमिजीच्या सगळ्या सुशील बायका करतात तेच केलं. परक्याच्या घरी असो की मोटेलात, आपण झोपलेलं अंथरूण तसंच टाकून जाणं तिकडे बेशरमपणाचं समजतात. चादरी ओढून काढायच्या, ओले टॉवेल गोळा करायचे, सगळं उशांच्या अभ्र्यांत कोंबून, वर गाठ मारून दाराशी ठेवायचं. येणाऱ्या बाईला तेवढाच आराम. व्हर्लिन न्हाणीघरात दाढी करत होता, म्हणजे गालाची कड सापडेपर्यंत चाचपडत होता. आर्डिसने दोन अभ्रे भरले. बघते तर खिडकीखालच्या हीटरपाशी तिसरा पांढरा अभ्रा, गाठ मारून तयार!

"चला," ती मनाशी म्हणाली, "साठ वर्षांत एकदा तरी याने आपलं आवरलं."

गाठीला धरून तिने तो उचलला. जड होता. या माणसाने आंघोळीला किती टॉवेल भिजवले, असं पुटपुटत तिने तिन्ही बोचकी बाहेर नेली. ओडालिस नावाची धुलाईची बाई ढकलगाडी घेऊन उभीच होती. तिने हसून बोचकी गाडीत टाकली. मग आर्डिसने भिंतीकडेचा डबा उचलून व्हॅनमध्ये ठेवला. डबा नेहमीपेक्षा हलका वाटला, पण सकाळच्या वेळी तिला सगळंच हलकं वाटे. जड व्हायला व्हर्लिनने तोंड उघडावं लागे.

व्हर्लिन बाहेर आला. हीटरपाशी वाकून त्याने हात फिरवला.

"आत्याला गाडीत ठेवलंस?"

"ठेवलं की."

तो सरळ उभा राहिला. "थँक यू, आर्डिस," म्हणाला.

आर्डिसला धसकाच बसला. या माणसाने तिचे शेवटचे आभार मानले तेव्हा दोघांचे केस काळे होते. आजारी आहे की काय, म्हणून तिने आरशातून दोनदा पाहिलं. तो खुशीत गाणं गुणगुणत होता. त्याने तासाभरात काटासुद्धा विचारला नाही.

तासाभराने धान्याच्या उंच कोठाराजवळ रूळ आडवे आले. आर्डिसने ब्रेक दाबला. मागचा डबा घसरत पुढे आला आणि सीटवर आपटला. त्या आवाजाने ती दचकली. बसच्या हेलकाव्यावरून मागच्या बाकावर किती पोरं आहेत हे सांगणारी बाई ती. हा भरल्या डब्याचा आवाज नव्हता.

शाळेच्या बसचा आणखी एक नियम असतो. फेरी संपली की चालकाने शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं आणि बघायचं, कुणी झोपून राहिलंय का. आर्डिस उतरली, मागचं दार उघडलं, डब्याचं झाकण काढलं. मीठ होता. मिरी होता. फुलाफुलांचा मोठा अभ्रा होता, धुतलेला, ओलसर, घडी घातलेला.

"व्हर्लिन," ती म्हणाली. "आत्या कुठाय?"

"म्हणजे काय? तू ठेवलीस ना! हीटरपाशी पांढऱ्या अभ्र्यात होती. तू उचललीस, हात लावलास, म्हणून तर मी थँक यू..." तो थांबला.

"पांढऱ्या अभ्र्यात का होती?"

व्हर्लिनने खाली मान घातली. सत्तरीचा माणूस, पण शाळेतून चिठ्ठी आल्यासारखा. "तिने ओकलं काल. अभ्रा बरबटला. मी धुतला, आणि वाळेपर्यंत मोटेलचा..."

"ओकलं? दोन आठवडे उपाशी असलेला साप ओकला काय? हवा ओकला?"

"निघायच्या आदल्या दिवशी एक उंदीर दिला होता. छोटासाच."

"नियम कुणाचा होता?"

"माझा."

"मग?"

"एवढ्या लांबच्या प्रवासाला उपाशीपोटी कसं धाडायचं गं कुणाला?"

आर्डिसने दोन्ही हात आकाशाकडे केले. तिने गाडी वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा वेगाची मर्यादा मोडली. मीठ आणि मिरी व्हर्लिनने शर्टाच्या आत, पोटाशी धरले होते. मघाशी ओलांडलेलं एक फाटक वाटेत परत आलं. आर्डिस थांबली. दार उघडलं, कान दिला. बर्फगार वारा सगळ्या गाडीत फिरला.

या वेळी व्हर्लिन ओरडला नाही.

मोटेलच्या मागच्या अंगाला धुलाईची खोली. दाराशी लेरॉय बर्फ ओढायचं फावडं घेऊन उभा होता, आणि त्याच्या मागे ओडालिस खुर्चीवर उभी होती.

"मासे!" आर्डिसला पाहताच लेरॉय गरजला. "बाई, तुमचा मासा माझ्या कपडे वाळवायच्या यंत्रामागे जाऊन बसलाय! बाहेर आला की त्याचे दोन तुकडे करतो."

"फावडं खाली ठेवा," आर्डिस म्हणाली. हाच आवाज ऐकून सहावीची मुलं मारामारी सोडून आपापल्या जागी बसत. लेरॉयने फावडं खाली ठेवलं. मग आपण का ठेवलं हे न कळून ते पुन्हा उचललं.

"मी गाठ सोडली," खुर्चीवरून ओडालिस सांगू लागली, "आणि चादरीला तोंड फुटलं! देवाशप्पथ, चादरीने माझ्याकडे बघितलं!"

व्हर्लिन गुडघ्यांवर बसून यंत्र आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घालत होता. खांद्यापर्यंतसुद्धा जाईना. आवाज मात्र मऊ झाला होता. "बर्गिट. ए बर्गिट. मी आहे गं." सापाला हाक कळत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तो बोलत राहिला. मग मागे वळून म्हणाला, "माझा हात नाही जात. तुझा जाईल."

"नाही."

"आर्डिस."

"व्हर्लिन, तीस वर्षांत मी त्या बयेला चिमट्यानेही शिवले नाहीये."

"मी यंत्र सुरू करतो," लेरॉय म्हणाला. "हादरे बसले की येईल बाहेर. नाहीतर होरपळेल. एकूण एकच."

व्हर्लिनचा चेहरा लेरॉयकडे वळला होता, पण जरा बाजूला, जिथे लेरॉय नव्हता तिथे. आर्डिसने ते पाहिलं.

तिने बाही वर केली, देवाचं नाव घेतलं, नंतर व्हर्लिनचं जरा वेगळ्या पद्धतीने घेतलं, आणि आडवी होऊन खांद्यापर्यंत हात आत घातला. आत अंधार होता, ऊब होती, कापसाचा भुसा होता. बोटांना काहीतरी लागलं. ओलं, बुळबुळीत असेल असं ती आयुष्यभर धरून चालली होती. ते कोरडं होतं. आतून हळूहळू काहीतरी सरकत होतं, झोपेत कूस बदलावी तसं.

"लागली," ती कुजबुजली. "पकडू का?"

"पकडू नकोस. पकडलंस की ती घाबरते. नुसता आधार दे. खालून. तिला वाटलं पाहिजे की ती पडणार नाही."

मागच्या बाकावर झोपलेलं पोर उचलायचं ते असंच. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, घाई नाही, बोलायचं नाही. आर्डिसला हे येत होतं. हजारदा केलं होतं. तिने हात खालून घातला आणि थांबली. बर्गिटने जरा विचार केला, मग तिच्या मनगटाला एक वेढा घातला, कोपराला दुसरा. आवळलं. फार नाही. आत्या आवळायची त्याच्या निम्म्यानेही नाही.

आर्डिस उभी राहिली तेव्हा तिच्या खांद्यावरून पाच हात आत्या लोंबत होती. लेरॉय भिंतीला चिकटला.

"तुमचा मासा बघितलात?" आर्डिस म्हणाली. "आता दारातून बाजूला व्हा."

व्हर्लिनने दोन्ही हात पुढे केले होते. तिने लगेच दिली नाही. त्याचे हात धरून आधी आत्याच्या पाठीवर ठेवले, आणि त्याने डोक्यापासून शेपटीपर्यंत चाचपून बघितलं. "हाड कुठं मोडलेलं नाही," तो म्हणाला. "ऊब आहे अंगात." मग नाक पुसायला त्याच्याकडे मोकळा हात उरला नाही.

निघताना ओडालिस गाडीपर्यंत आली. "बाई," ती काकुळतीने म्हणाली, "यापुढं अंथरुणं आवरू नका. पाया पडते. तशीच टाकून जात जा."

पुढचा सगळा रस्ता व्हर्लिनने आत्याला मांडीवर घेऊन काढला. झाकण, डबा, उघडून न बघणं, सगळे नियम गेले उडत.

"काटा किती?"

"ऐंशी."

"पाणी पी, आर्डिस. घामाने भिजली असशील."

"आता सुचलं!"

न्यू मेक्सिकोत, लास क्रूसेसला, सिग्ने अंगणात उभी होती. जानेवारीत तिथे लोक नुसत्या शर्टात फिरत होते. आर्डिसला ते जरा अश्लीलच वाटलं. आतल्या खोलीत सिग्नेने काचेचं घर तयार ठेवलं होतं, वर दिवा, खाली झाडाचं खोड; शेजारी मीठ-मिरीसाठी एक छोटं. बर्गिट मोठ्या घरात सरकली, खोडाला वेढा घालून बसली आणि सगळ्यांकडे सारख्याच अनोळखीपणाने पाहू लागली. आठवड्याभराने, पोट शांत झाल्यावर, एक छोटा उंदीर द्यायचा, असं व्हर्लिनने सिग्नेला बजावलं. "छोटासाच," आर्डिस म्हणाली, आणि व्हर्लिनने न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. बेमिजीची माणसं गळ्यात पडत नाहीत. दोघं गाडीपाशी उभी राहिली आणि हवेबद्दल बोलली. मग टायरबद्दल बोलली.

"बरं मग," आर्डिस म्हणाली.

"बरं मग," व्हर्लिन म्हणाला. त्याने तिच्या चेहऱ्यावर हात ठेवला. कपाळ, गाल, हनुवटी, सावकाश, खालपर्यंत. मग नाकाशी थांबला. "आहे तेवढंच आहे," म्हणाला.

"वाढलंय," ती म्हणाली. "तुझ्यापायी."

उत्तरेला जसजशी ती गेली तसतसा बर्फ परत आला. नेब्रास्कात संध्याकाळच्या उन्हात एक फाटक आलं. आर्डिस थांबली. रूळ दोन्हीकडे लांबवर मोकळे पडले होते. मागची सीट रिकामी होती. तिथे आता फक्त तापमापकाची सावली हलत होती. तो आरशाला लटकलेला तसाच राहिला होता. तिचा स्वेटर, कोट शेजारच्या सीटवर पडले होते. हीटर कधीचा जोरात चालू होता.

तिचा हात दाराच्या कडीवर गेला, आणि तिथेच थांबला. मग तिने तो मागे घेतला, मान काचेपाशी नेली आणि काचेतूनच ऐकलं. बराच वेळ.

"ऐंशी," ती मोठ्याने म्हणाली, आणि रूळ ओलांडले.